आइसलंडचा मठ आणि बिनशेंडीचा नारळ

माझी मुलगी आइसलंडची भाषा शिकायला लागली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाथरूमचं दार लावून, तोंडात ब्रश धरून ती कसलेसे घशातले शब्द घोकायची आणि मी बाहेर शिवणयंत्रावर बसून ते ऐकायचे. मुलगी बहरीनमध्ये जन्मली, जिदहफ्सच्या फ्लॅटमध्ये वाढली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. भात वाढू का विचारलं की "यस, लिटल". मामाचा फोन आला की "हॅलो मामा" म्हणायचं आणि फोन माझ्या हातात द्यायचा. मी कधी ओरडले, कधी लाडीगोडी लावली, सुट्टीत गावी नेऊन महिनाभर ठेवली. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता ही बया कोणा परक्या बाईसाठी हौसेने दुसरी भाषा शिकत होती.

एवढ्या वर्षांत तिने आपणहून तोंडात घेतलेली आमची भाषा एकच, ती गाऱ्हाण्याची. आमचं गाव राजापूरच्या खाली, सिंधुदुर्गाच्या हद्दीवर. आमच्याकडे नुसती जमीन अशी नसतेच. प्रत्येक जागेला राखणदार असतो. विहीर खणा, घर बांधा, नुसतं झाड तोडा, आधी त्याला नारळ ठेवायचा आणि उभ्याने मोठ्याने सांगायचं की बाबा रे, तुझ्या जागेत आम्ही हे करतोय, सांभाळून घे. म्हणणारा एक, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझे वडील गावात हे गाऱ्हाणं घालत. मी त्यांच्या पायाशी बसून पाठ केलेलं. खरं तर बाईमाणसाने घालायचं नसतं. पण बहरीनला आल्यावर आमच्या ह्यांना शेजारच्यांची लाज वाटायची, तेव्हा घर बदललं की उंबऱ्यात नारळ ठेवून मीच सुरू व्हायचे.

"बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, आज तुझी लेकरां तुझ्या दारात इली हत. काय चुकला-माकला असात तर पदरात घे. काय वाकडा असात ता सरळ कर. इल्या-गेल्याक सांभाळ."

आमचे हे खाली मान घालून "व्हय म्हाराजा" पुटपुटायचे, आणि मुलगी मात्र फ्रॉकचा घेर धरून, हसत हसत, खणखणीत "व्हय म्हाराजा" म्हणायची. मोठी झाल्यावर तेही बंद झालं. मी ते तिच्या बालपणाबरोबर गेलं असं समजून सोडून दिलं.

तर ती बाई. तिला घरात सगळे मॅडम म्हणत, मीही म्हणायचे, पण मनातल्या मनात दुसरंच काही. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातली, उंच, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. नवऱ्याच्या नोकरीमुळे बहरीनला आलेली, जनाबियाच्या एका कंपाउंडमध्ये राहायची. जुन्या जागा खणून काढणं हे तिचं शिक्षण. मुहर्रककडच्या एका गावात, कबरस्तानातल्या जुन्या मशिदीच्या टेकाडाखाली फार पूर्वीची ख्रिस्ती लोकांची इमारत सापडली होती, मठच म्हणा. खोल्या, स्वयंपाकाची जागा, एकत्र जेवायची जागा. तिथे ही बाई मदतीला जायची. माझी मुलगी तेव्हा एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. मैत्रिणीबरोबर एका शुक्रवारी गंमत म्हणून तिथे गेली आणि धुळीने माखून, तोंडभर हसत परत आली. घरात एक कप विसळायला सांगितला तर जिचं डोकं दुखतं, ती तिथे दिवसभर उन्हात बसून दगड ब्रशने पुसते. मग दर शुक्रवारी, मग शनिवारीही.

पुढे संध्याकाळी जेवताना आमच्या घरात मठ सुरू झाला. इथला नव्हे, आइसलंडचा. मॅडम विद्यार्थिनी असताना तिथे खणायला होती आणि गाडीतून येता-जाता तिच्या गोष्टी चालायच्या. मुलगी त्या इंग्रजीत तिच्या बाबांना सांगायची. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर एसीचे पत्रे वाकवून दमलेला माणूस, पण घास हातात धरून ऐकत बसायचा. मी त्यांच्याकडे पाठ करून पोळ्या लाटायचे. कान मात्र तिकडेच.

त्या मठाचं नाव मला आजही नीट घेता येत नाही. आइसलंडच्या पूर्वेला एका लांब दरीत, डोंगरावरून दगड घसरून येतात अशा उताराखाली तो होता. आपले शिवाजी महाराज जन्मायच्या कितीतरी आधीची गोष्ट. म्हणे एक पाद्री मरणाऱ्या माणसाला शेवटचा प्रसाद द्यायला निघाला होता, वाटेत त्याचा पवित्र पेला हरवला. माणसं शोधायला परत गेली तर गवताच्या एका उंचवट्यावर पेला द्राक्षारसाने भरलेला आणि वर ताटलीत पाव. मग तिथेच देऊळ बांधलं, आणि पुढे मठ उभा राहिला. मला हसूच आलं. आमच्याकडे गाय रोज एकाच दगडावर पान्हा सोडते आणि तिथे स्वयंभू निघतो, तशातलीच ही गोष्ट. आमच्या गावच्या देवाची गोष्ट मी हिला लहानपणी दहादा सांगितली असेल. तेव्हा ही कानात वायर घालून बसायची. परक्या गाईचं दूध तेवढं गोड.

तिकडे लाकूड कमी. म्हणून जमिनीवरचं गवत मुळांसकट, मातीसकट चौकोनी ढेकळांत कापायचे, विटांसारखं रचायचे आणि भिंती करायचे. मठातले साधू वासराच्या कातड्यावर पोथ्या लिहीत, परदेशातून आणलेल्या औषधी वनस्पती लावत आणि आजारी माणसांना ठेवून घेत. मग डेन्मार्कच्या राजाने धर्माची रीत बदलली. मठ बंद, जमिनी राजाच्या. साधूंचं पुढे काय झालं त्याची कोणाला गंधवार्ता नाही. छोटं चर्च काही पिढ्या राहिलं, तेही गेलं. जागेवर गवत वाढलं, मेंढ्या चरल्या. शेताच्या नावात तेवढा मठ शिल्लक राहिला, पण तो नक्की कुठे उभा होता हे गाव विसरलं. शेवटी घराच्या खालच्या माळावर खणलं तेव्हा भिंती लागल्या आणि थडगी लागली. बरीचशी आजाऱ्यांची. बायकांची, लहान मुलांचीही.

लहान मुलांचं ऐकलं आणि माझं लाटणं थांबलं. त्या थंडीत आईच घेऊन आली असेल का गं त्याला डोंगर ओलांडून, असं विचारावंसं वाटलं. पण विचारलं असतं तर त्या बाईची गोष्ट चांगली आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी पोळी तव्यावर टाकली आणि ह्यांना म्हटलं, गिळा आता, गार होतंय.

वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडची चाची राहते, तिच्या सुनांचे कपडे मी शिवते. ती एकदा ब्लाउज न्यायला आली तर मी गळ्याची पट्टी उलट्या बाजूने लावून ठेवलेली. इतक्या वर्षांत कधी असं झालं नव्हतं. तिने पट्टी बघितली, मला बघितलं आणि म्हणाली, "बाय, तुला लेकीची सवत मिळाली." मी तिच्यावर खेकसले. पण बोलली ते खोटं नव्हतं. नवऱ्याच्या नादी कोणी लागलं असतं तर मी चार माणसांत भांडले असते, माझी बाजू घ्यायला अख्खी बिल्डिंग आली असती. लेकीच्या बाबतीत कोणाकडे जायचं? लोक म्हणाले असते, अगं चांगलंच आहे की, मुलगी शिकतेय.

एका शुक्रवारी मला राहवलं नाही. कोळंबीभाताचा डबा भरला आणि ह्यांना गाडी काढायला लावली. सांगायला डबा, खरं तर बघायचं होतं. टेकाडापाशी मुलगी गुडघ्यावर बसून काहीतरी खरवडत होती. वारा सुटला होता, तिची टोपी सारखी उडत होती. ती बाई आली, वाकली आणि तिच्या हनुवटीखाली टोपीची दोरी बांधली. गाठ मारून वर गालाला लागलेली माती अंगठ्याने पुसली. मुलीने मान सुद्धा वर केली नाही, इतकं ते रोजचं होतं. शाळेत असताना मी वेणीला हात लावला तर "आई, स्टॉप" म्हणून झटकायची, तीच ही मुलगी. मी गाडीतून उतरलेच नाही. ह्यांना म्हटलं, यल्ला, चला घरी. तो कोळंबीभात आम्ही दोघांनी संध्याकाळी खाल्ला, मला चव लागली नाही.

उन्हाळा तोंडावर आला आणि मुलीने सांगितलं. आइसलंडमध्ये तिला हेच खणायचं शास्त्र शिकायला जागा मिळाली होती. दोन वर्षं. मॅडमच्या नवऱ्याचं इथलं काम संपत आलं होतं, मॅडमही तिकडे परत शिकवायला जाणार होती. म्हणजे दोघी एकत्र. हे म्हणाले, आईला विचार. मोठे शहाणे, सगळं घोंगडं माझ्या गळ्यात.

मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर थंडी सांगितली, एकटी मुलगी सांगितलं, अकाउंट्सची नोकरी सांगितली. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघंही बहरीनला दोन वर्षांसाठीच आलो होतो. माझ्या आईने निघताना विचारलं, दोनच ना गो चेडवा? मी म्हटलं, दोनच. ती गेली तेव्हा मी इथे फोनवर रडले, कारण तिकीट मिळेपर्यंत सगळं खलास झालं होतं. दोन वर्षं म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. आणि ही तर अशा बाईबरोबर निघाली होती जिच्यापाशी तिला आईची आठवणही होणार नाही.

मला वाटलं मुलगी भांडेल. ती भांडली नाही. मॅडमला एवढंच म्हणाली की आई हो म्हणेपर्यंत मी जाणार नाही. हे मला ह्यांच्याकडून कळलं. घरात मग नुसती भांडी वाजायची. ती ऑफिसला जायची, यायची, खोलीत बसायची. आइसलंडचे शब्द घोकणं बंद झालं. मी जिंकले होते, आणि घर सुतक पडल्यासारखं झालं होतं.

अशात एका संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर ती बाई. मागे जिन्यात माझी मुलगी, पडलेल्या चेहऱ्याने. म्हणजे हे तिने ठरवलेलं नव्हतं. मी नाइलाजाने या म्हटलं, पण बाई उंबऱ्याच्या आत येईना. दोन्ही हातांत, ओंजळीत धरावा तसा, तिने नारळ धरला होता. सुपरमार्केटमधला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, घासून-पुसून अगदी टकला केलेला.

ती इंग्रजीत सावकाश बोलली, मला कळावं म्हणून. म्हणाली, तुमच्या मुलीने पहिल्याच दिवशी टेकाडावर उभं राहून जागेची परवानगी मागितली होती. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, आईने शिकवलंय. तेव्हापासून मला सगळं सांगते. तुमचे वडील, तुमचं गाव, देवाचा दगड, गाय. मग बाईने जरा श्वास घेतला.

"ज्याची जागा त्याला विचारल्याशिवाय काही उचलायचं नाही, हे मी तिच्याकडून शिकले. आणि तुम्हाला न विचारता तिला न्यायला निघाले होते. चुकलं माझं."

माझ्या मनात एकदम दोन गोष्टी उसळल्या. मुलीने ते सगळं ऐकलं होतं, कानात वायर घालून का होईना, शब्दन् शब्द ऐकला होता. आणि ती दौलत नेऊन हिला दिली होती. मला नव्हे, हिला. माझ्या बापाची गोष्ट ही गोरी बाई माझ्याच दारात मला सांगत होती. मागून आमच्या ह्यांच्या तोंडून सवयीने बाहेर पडलं, "व्हय म्हाराजा." मी वळून असं बघितलं की ते स्वयंपाकघरात गेले.

मग मी मुलीकडे बघून म्हटलं, "सांग तुझ्या मॅडमला. बिनशेंडीचा नारळ देवाला चालत नाही."

मला वाटलं, एवढ्याने जाईल. मुलीने चाचरत सांगितलं. बाईने हातातल्या नारळाकडे बघितलं, मान डोलावली आणि उलट पावली जिना उतरली. मुलगी मागे जायला निघाली तर तिला हाताने थांबवलं. मी गॅलरीतून बघत राहिले. ती जिदहफ्सच्या बाजारात या दुकानातून त्या दुकानात जात होती. भाजीवाला हात हलवून मफी मफी, नाही नाही म्हणत होता. डोक्यावर बोटं उभी करून ती त्याला शेंडी करून दाखवत होती. रस्त्यावरची पोरं हसायला लागली. शेवटी कोपऱ्यावरच्या मल्याळी दुकानात तिला मिळाला. ती लालबुंद होऊन, घामाने निथळत वर आली आणि पुन्हा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. शेंडी अगदी बरोबर वर.

आमच्याकडे एक नियम आहे. राखणदाराने नारळ घेतला की त्याला मग अडवता येत नाही. नाही घेतला तर नाही, पण घेतला की खलास. बापाने शिकवलेल्या नियमात मीच अडकले. मुलगी भिंतीला टेकून माझ्या हातांकडे बघत होती. मी हात पदराला पुसले आणि नारळ घेतला. बाईला म्हटलं आत या, चहा टाकते. ती सोफ्यावर बसली, मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. माझ्या शेजारी नव्हे. मी ते बघितलं आणि चहात साखर जरा कमीच घातली.

मुलगी गेली. जाताना विमानतळावर मी रडले नाही, कारण ती बाई बघत होती.

पुढच्या उन्हाळ्यात, आमच्याकडे हवा भट्टीसारखी तापलेली असताना, एका रविवारी व्हिडिओ कॉल आला. मुलगी जाड जाकीट घालून हिरव्यागार माळावर उभी होती. मागे लांब डोंगर, त्यावरून दगड घसरल्याच्या खुणा. खाली जमिनीवर गवताच्या बुटक्या भिंती, गुडघ्याएवढ्या. जुन्या भिंती होत्या तिथे आता अशा रेघा आखून ठेवल्यात म्हणे, कोणीही दारातून आत जाऊन साधूंच्या खोल्यांतून फिरावं. मॅडम तिला मठ दाखवायला पहिल्यांदाच घेऊन आली होती. फोनही मॅडमनेच धरला होता, तिचा अंगठा सारखा चित्रात येत होता. एवढ्या लांबून लेक बघायची तर तीही हिच्या हातातून.

मुलीच्या पायाशी, दाराच्या जागी, नारळ ठेवलेला होता. तिथल्या दुकानातला, बिनशेंडीचा. म्हटलं, असू दे. तिथल्या राखणदाराने शेंडी कुठे बघितली असणार.

मुलीने हात जोडले आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा..." फोनमागून लगेच बाईचा आवाज, "व्हय म्हाराजा." वाक्य पुरं व्हायच्या आत. मी दात आवळले. मुलगी पुढे गेली, ह्या जागेच्या राखणदारा, आज तुझी लेकरां, बाई परत मध्येच. तिथे निजलेल्या साधूंना, आजाऱ्यांना, त्या लहान पोरांना मालवणी कळत असेल का, असं मनात आलं. मुलगी चुकला-माकला म्हणाली, वाकडा-सरळ म्हणाली, इल्या-गेल्याक सांभाळ म्हणाली. आणि अडकली. आमचं गाऱ्हाणं खरं तर तिथेच संपतं. पण तिला ते अपुरं वाटलं असावं. तिने फोनकडे बघितलं.

"आई, पुढे काय गं?"

मराठीत. आपणहून. वाऱ्याने केस तोंडावर येत होते आणि बाजूला करायला त्या बाईचा हात मोकळा नव्हता. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या वडिलांच्या गाऱ्हाण्यात पुढे काही नव्हतं, म्हणून माझं मीच म्हटलं, फोनमधून त्या माळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"नि काम सरला काय माझा चेडू माका परत दी, म्हाराजा."

मुलीला कळलं. ती तशीच जोडलेल्या हातांनी माझ्याकडे बघत राहिली. आणि फोनमागून, एका शब्दाचाही अर्थ न कळता, ती बाई म्हणाली, "व्हय म्हाराजा."

तेवढं एकदा ती वेळेवर बोलली.